शिकायचे आहे, पैसा कोठून आणावा?

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो. जूनमध्ये मिरगाचा पाऊस पडतो. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरात ही दोन कामे एका मागोमाग येतात. बियाणे घ्यायचे, खत घ्यायचे, कापसाची लावण करायची. आणि त्याच दिवसांत कॉलेजची फी भरायची. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास हातात येतात. कापसाचे त्याच्याही पुढे. फी मात्र थांबत नाही. मग बाप कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसतो. शेकडा तीनने पैसे काढतो. नाही मिळाले, तर मुलीला म्हणतो, "यंदा राहू दे. पुढल्या साली बघू."

पुढले साल बहुधा येतच नाही. मुलीचे लग्न येते.

हा धडा त्या बापासाठी आणि त्या आईसाठी आहे. सावकाराच्या ओट्यावर जाण्याआधी आणखी तीन-चार दारे आहेत. ती कोणती, आणि त्या दारांवर कोणता कागद दाखवावा लागतो, ते आपण वाचू. धडा जरा लांब आहे. दोन रात्री वाचलात तरी चालेल.

आधी थोडी जुनी हकीकत.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. तेथली शिकवण उर्दूत. गंगाखेडच्या नाहीतर जिंतूरच्या मुलाने पदवी घ्यायची म्हणजे रेल्वेचे भाडे, खोलीचे भाडे आणि परकी भाषा, असे तिहेरी ओझे. जहागीरदार, वकील, मोठा व्यापारी ह्यांचीच मुले जात. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. १९५८ साली औरंगाबादलाच मराठवाडा विद्यापीठ झाले. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ आले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये त्याला जोडली गेली. विद्यापीठ असे कोसाकोसाने जवळ आले. आता अडते ते अंतरासाठी नाही, पैशासाठी.

पैशाची अडचण थोरामोठ्यांनाही चुकली नाही. बाबासाहेबांचेच पाहा. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ती फुकट नव्हती. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन, असा करार लिहून द्यावा लागला. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता. तो तसाच टाकून त्यांना १९१७ साली परत यावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. थोडी मदत कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली. थोडे पैसे नवल भथेना ह्या पारशी मित्राने उसने दिले. तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पुरे केले.

ह्या एका माणसाच्या शिक्षणात शिष्यवृत्ती आहे, करार आहे, स्वतःची बचत आहे, दात्याची मदत आहे आणि उसनवारीही आहे. आजही गरिबाचे लेकरू असेच शिकते. एका पिशवीतून सगळा पैसा निघत नाही. चार ठिकाणांहून गोळा करावा लागतो. अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकच्या पुढे शिकायला सरकारने शिष्यवृत्ती द्यावी, असा आग्रह बाबासाहेबांनीच धरला होता. ती १९४४ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे.

आता शब्दांचा घोळ मिटवू. लोक सगळ्यालाच "स्कॉलरशिप" म्हणतात. पण त्यात निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शिष्यवृत्ती म्हणजे परत न करण्याचा पैसा. फी-माफी म्हणजे हातात पैसा येत नाही, पण फी भरावी लागत नाही, किंवा अर्धी भरावी लागते. निर्वाह भत्ता म्हणजे राहण्याखाण्याचा पैसा. आणि कर्ज म्हणजे कर्ज. ते फेडायचे असते. कोणी "सरकारी मदत" म्हणून कागदावर अंगठा मागू लागला, तर आधी विचारा, "हे परत द्यायचं का नाही?" उत्तर ऐकल्याशिवाय सही करू नका.

आता एक संभाषण वाचा. एक मावशी साक्षरता वर्गाच्या गुरुजींना भेटायला आल्या आहेत. घरची चार एकर कोरडवाहू जमीन. जात इतर मागासवर्गात मोडते. मुलगी हुशार आहे.

मावशी : गुरुजी, पोरीचा नंबर लागला. परभणीलाच, शेतीच्या इंजिनियरीला. पण फीचं ऐकून हातपाय गळाले बघा.

गुरुजी : बसा मावशी. मला आधी एक सांगा. नंबर सरकारच्या यादीतून लागला, का कॉलेजवाल्यानं आपल्या कोट्यातून दिला?

मावशी : यादीतून. सीईटी दिली व्हती तिनं. कागद बी हाय.

गुरुजी : मग निम्मं काम झालं. तो कागद जपून ठेवा. सरकारच्या प्रवेश-यादीतून गेलेल्या मुलांनाच फीची सवलत मिळते. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली, तर मिळत नाही. पुष्कळ लोक इथंच फसतात. जागा आधी विकत घेतात आणि मग सवलत विचारायला येतात.

मावशी : मंग आता किती भरावं लागंल?

गुरुजी : तुमच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे ना?

मावशी : (हसून) आठ लाख? गुरुजी, आठ लाख म्या दूरनं बी पाहिले न्हाईत.

गुरुजी : मग ऐका. २०२४-२५ सालापासून महाराष्ट्र सरकारनं नियम केला आहे. धंदेशिक्षणाला, म्हणजे इंजिनियरी, डॉक्टरी, शेती, फार्मसी अशा शिक्षणाला जाणारी मुलगी इतर मागासवर्गातली असो, आर्थिक दुर्बळ घटकातली असो, नाहीतर सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातली असो, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं, की तिची शिकवणीची फी आणि परीक्षेची फी पूर्ण माफ. पूर्वी निम्मीच माफ होती.

मावशी : पूर्ण माफ? मंग ह्यो आकडा कशाचा सांगतेत?

गुरुजी : त्या कागदावर फीचे तुकडे पाडलेले असतात. शिकवणी वेगळी, परीक्षा वेगळी, विकास निधी वेगळा, अनामत वेगळी, वसतिगृह वेगळं, खानावळ वेगळी. माफी पहिल्या दोहोंना आहे. बाकीचं आपल्याला बघावं लागतं. मुलीला घेऊन जा आणि तुकड्यातुकड्यानं विचारा.

मावशी : आन् तिचा भाऊ? त्यो बी दोन सालानं जाईल की.

गुरुजी : मुलाला पूर्ण माफी नाही. इतर मागासवर्गातल्या मुलाला धंदेशिक्षणाची निम्मी शिकवणी फी मिळते. खुल्या वर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. तिच्यातही साधारण निम्मीच. तिथंही मर्यादा ८ लाखांची.

मावशी निघाल्या, त्या सरळ सेतू केंद्रात गेल्या. त्यांचे बरोबर होते. पैसा कोठे आहे हे कळले, की पुढचे सगळे काम कागदाचे आहे.

पण कागदाकडे जाण्याआधी इतर वर्गांचेही सांगून टाकू. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना, घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फीही येते आणि भत्ताही येतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर शिष्यवृत्ती नाही, पण फी-माफी मागता येते. आदिवासी मुलांच्या योजना आदिवासी विकास विभागाकडे आहेत. बारावीला फार चांगले गुण असतील, म्हणजे आपल्या बोर्डात वरच्या शंभरातल्या वीस मुलांत बसत असेल, आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारची आणखी एक शिष्यवृत्ती आहे. पदवीची पहिली तीन वर्षे दरसाल १२,००० रुपये. ही जातीवर नाही, गुणांवर आहे. गावाकडे ती फारशी कोणाला माहीत नसते. साध्या बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांनाही ती मिळते, हे मुद्दाम ध्यानात धरा.

आता राहण्याखाण्याचे. खरे सांगायचे तर मूल अर्ध्यावर शिक्षण सोडते ते फीपायी कमी आणि खोलीभाडे-खानावळीपायी जास्त. सोनपेठचे किंवा पालमचे लेकरू पुण्याला गेले, की दर महिन्याला पैसे पाठवावे लागतात. समाजकल्याण खात्याची सरकारी वसतिगृहे आहेत. तेथे आधी अर्ज करावा. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती २०१६-१७ साली सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये आणि साध्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये, असे तिचे आकडे ठरले. जागा नाकारली गेली, तर त्याचा कागद टाकून देऊ नका. तोच पुढे कामाला येतो. इतर मागासवर्ग आणि भटके-विमुक्त ह्यांच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने "आधार" योजना आहे. आदिवासी मुलांसाठी "स्वयम्" योजना आहे.

लहान शेतकऱ्याच्या आणि नोंदलेल्या मजुराच्या मुलांसाठी आणखी एक आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. पंजाबराव देशमुख १९५२ ते १९६२ ह्या काळात देशाचे कृषिमंत्री होते, विदर्भातले होते, शेतकऱ्याच्या घरचे होते. त्यांच्या नावाची ही योजना बहुतेक शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या जोडीने चालते. तिच्यासाठी तहसीलमधून अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेला. आपल्या जिल्ह्यात असे लोक किती आहेत, ते मी सांगायला नको.

सगळ्या योजना एकाच वेळी मिळत नाहीत. एकीचा भत्ता घेतला, तर दुसरीचा घेता येत नाही, असे नियम असतात. आणि आकडे सरकार अधूनमधून बदलते. म्हणून अर्ज भरताना त्या सालचा आकडा विचारून घ्यावा.

आता कागद.

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी नावाच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. तो मोबाइलवर भरता येतो, नाहीतर सेतू केंद्रात भरून मिळतो. अर्ज भरला म्हणजे काम संपले, असे समजू नका. तो आधी कॉलेजच्या कारकुनाकडे जातो. तेथून खात्याकडे जातो. मग पैसा खात्यावर येतो. मध्येच एखादा कागद चुकला, तर अर्ज परत पाठवतात. तो परत आल्याचे कोणी घरी येऊन सांगत नाही. मुलाने स्वतः उघडून पाहावे लागते. आठ-पंधरा दिवसांनी एकदा पाहायची सवय ठेवावी. मुदत टळली, की तो अर्ज त्या सालापुरता मेला.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. मार्चमध्ये काढलेला दाखला जूनमध्ये कामाचा नाही. एप्रिल-मे मध्ये नवा काढावा, तेव्हा गर्दीही कमी असते. निकाल लागल्यावर सगळा तालुकाच सेतूच्या दारात उभा राहतो.

जातीचा दाखला आणि जातीची वैधता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. वैधता जिल्ह्याची पडताळणी समिती देते. वैधतेला वेळ लागतो. आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. आपल्याकडच्या जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, उर्दूत, मोडीत. त्या वाचून घ्यायलाच महिना जातो. म्हणून मूल अकरावीत गेले, की त्याच वर्षी वैधतेचा अर्ज करावा. ह्या एका कागदापायी हातची जागा गेलेली मुले दरसाल दिसतात.

नावाची गंमत तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. कोठे वडिलांच्या नावाला "राव" लावलेले, कोठे नाही. माणूस एकच, पण संगणकाला तीन दिसतात. आधी हे नीट करून घ्यावे. बँकेचे खाते मुलाच्या नावाचे हवे आणि आधारला जोडलेले हवे. दोन-तीन खाती असतील, तर जे आधारला जोडले असेल त्यातच पैसा पडतो. आई घरचे पुस्तक बघत बसते आणि पैसा भलत्याच बँकेत जाऊन बसलेला असतो.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा शेकडा ६० वाटा सरळ मुलाच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फीही असते. ती फी सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. खात्यावर मोठा आकडा दिसला म्हणून त्यातून बैल घेऊ नये, लग्नाला वापरू नये.

आणि दरवर्षी अर्ज नव्याने पुढे चालू करावा लागतो. एकदा केला म्हणजे चार वर्षांचे झाले, असे नाही. हजेरी कमी पडली किंवा वर्ष बुडाले, तरी पैसा अडतो.

आता शेवटचे दार, बँकेचे. पुष्कळ लोक बँकेला भितात आणि सावकाराला भीत नाहीत. हे उलटे आहे. हिशेब करून पाहा.

सावकाराचे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन. एक लाखाला महिना ३,००० रुपये, वर्षाला ३६,००० रुपये. मुद्दल तसेच उभे. चार वर्षांत नुसते व्याजच १,४४,००० रुपये. लाख परत द्यायचा तो द्यायचाच. ज्या सावकाराकडे सरकारी परवाना नाही, त्याला असा धंदा करायची मुभाच नाही. २०१४ सालचा कायदा आहे. पण अडलेल्या माणसाला कायदा आठवत नाही, हेही खरे.

बँकेचे पाहा. समजा, दरसाल १ लाख असे चार वर्षांत ४ लाखांचे कर्ज काढले. व्याज वर्षाला शेकडा १० धरू. शिक्षण चालू असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो. व्याज साधे चढते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००. दुसऱ्यावर चार वर्षांचे ४०,०००. तिसऱ्यावर ३०,०००. चौथ्यावर २०,०००. एकूण १,४०,०००. म्हणजे फेड सुरू होईल तेव्हा ५,४०,००० रुपये होतील. ते दहा वर्षांत फेडले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर ४ लाखच राहतील आणि हप्ता सुमारे ५,३०० रुपये पडेल.

हा हप्ता मुलाच्या पगारातून जायचा आहे. म्हणून कर्ज काढण्याआधी त्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या दोन-चार मुलांना विचारावे, "महिन्याला काय मिळतं?" पगार १२,००० असेल, तर ७,१०० चा हप्ता त्याला उपाशी ठेवील. कॉलेजच्या जाहिरातीतल्या मोठ्या पगारावर जाऊ नये. मला विचाराल तर फी-माफीत सरकारी जागा मिळत असताना कर्ज काढून दूरच्या खासगी कॉलेजात जाण्यात शहाणपण नाही.

शिक्षणाच्या ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे जमीन तारण लागत नाही. तिसऱ्या माणसाचा जामीनही लागत नाही. आईबापाने बरोबर सही करायची असते. बँकेत कोणी सातबारा गहाण मागितला, तर नम्रपणे म्हणावे, "साहेब, हे लेखी द्या." अर्ज विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून करावा, म्हणजे त्याची नोंद राहते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात ठराविक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण नाही, जामीन नाही. घरचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात शेकडा ३ सूट. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि शिक्षण धंद्याचे असेल, तर मान्यतेच्या संस्थेत त्या काळाचे सगळे व्याज सरकार भरते. वरच्या हिशेबातले १,४०,००० त्यात वाचतात. आपले कॉलेज त्या यादीत आहे का, एवढे मात्र आधी पाहावे लागते.

एक वाट राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि "कमवा आणि शिका" हा रस्ता मुलांना दाखवला. बऱ्याच विद्यापीठांत ती योजना आजही आहे. ग्रंथालयात, बागेत, कचेरीत रोज दोन-तीन तास काम करावे आणि तासाप्रमाणे पैसे घ्यावेत. त्यात फी निघत नाही, पण खानावळीला हातभार लागतो. प्रवेश घेतल्यावर विद्यार्थी कल्याण विभागात जाऊन विचारावे.

करून पाहा

१. तुमच्या घरातल्या शिकणाऱ्या मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि बँकेच्या पुस्तकावर कसे लिहिले आहे? तिन्ही पुढे ठेवून अक्षर न् अक्षर वाचा.

२. घरी उत्पन्नाचा दाखला असेल तर काढा. तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल, ते शोधा.

३. गुरुजींनी मावशींना पहिला प्रश्न कोणता विचारला? तोच पहिला का विचारला?

४. वरच्या कर्जाच्या हिशेबात शेकडा १० ऐवजी शेकडा ९ व्याज धरा. फेड सुरू होताना किती रुपये होतील? (उत्तर : ५,२६,००० रुपये.)